मनगटावरचे घड्याळ, कमरेचा करगोटा

विरारच्या जीवदानी गडाच्या पायथ्याशी रविवारी पहाटे उभे राहिले, तर बदललेल्या काळाचे एक दृश्य सहज दिसते. अंधार पुरता सरलेला नसतो. देवीच्या दर्शनाला निघालेल्या वयस्क मंडळींबरोबर गुडघ्यापर्यंतच्या विजारी घातलेले तरुण आणि पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थही पायऱ्या चढू लागतात. पूर्वी चढणारा देवीचे नाव घेत चढत असे; आता तो अधूनमधून मनगटाकडे पाहत चढतो. खाली उतरल्यावर सोबत्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती झाल्या?’ पायऱ्या नव्हेत, कॅलरी! घड्याळ सांगते, चारशे वीस. समोर गाडीवर वडे तळले जात असतात. वडापाव साधारण तीनशेचा. चारशे विसातून तीनशे वजा केले तरी एकशे वीस शिल्लक उरतात, हे गणित तोंडी होण्यासारखे असते, आणि ते होतेच.

या दृश्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे एकत्र करून २००९ साली येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. त्यातल्या फार मोठ्या वर्गाचे पोट मुंबईत आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. रोज दोन वेळा ते गर्दीत उभ्याने कापायचे. पहाटेची गाडी पकडणारा माणूस दिवेलागणीनंतर कधीतरी घरी पोचतो, उशिरा जेवतो आणि लगेच झोपतो. अशा दिनक्रमातून पाऊण तास काढून जो चालू लागला, त्याने मोठाच निग्रह केला असे म्हटले पाहिजे. २०११ साली महापालिकेने मॅरेथॉन सुरू केली, तेव्हापासून धावण्याला या परिसरात एक प्रतिष्ठाही आली. पापडखिंडीच्या धरणाकाठी, अर्नाळ्याच्या आणि राजोडीच्या किनाऱ्यावर, वसईच्या सुरुची बागेत सकाळी माणसे दिसतात, हे सुचिन्हच आहे. प्रश्न त्यांच्या निग्रहाचा नसून त्या निग्रहाचा कारभार कोणाच्या हाती सोपवला गेला, याचा आहे.

वजन घटवणारा माणूस घड्याळ घेतो, त्यात आपले वय, उंची, वजन भरतो आणि त्या दिवसापासून त्याच्या जेवणाखाणाचा हिशेबनीस बदलतो. घड्याळाने पाचशे म्हटले तर पाचशेचे खाण्याची मुभा, दोनशे म्हटले तर अपराधाची टोचणी. म्हणूनच हे घड्याळ नेमके काय मोजते, हे एकदा समजून घेणे अगत्याचे आहे.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकतो. तो त्वचेतून आत जातो आणि रक्ताच्या प्रत्येक लहरीबरोबर त्याचे परावर्तन किंचित कमीअधिक होते. त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. आत बसवलेली दुसरी चकती हाताची हालचाल टिपते. घड्याळाचे प्रत्यक्ष मोजमाप एवढेच. उष्मांक, म्हणजे ज्याला सगळे कॅलरी म्हणतात ते, घड्याळ मोजत नाही. मोजूच शकत नाही. शरीराने किती उष्मांक जाळले हे अचूक ठरवायचे तर श्वासातून किती प्राणवायू घेतला गेला आणि किती कर्बवायू बाहेर पडला हे तोंडावर मुखवटा बसवून प्रयोगशाळेत तपासावे लागते. घड्याळ ठोके, हालचाल आणि मालकाने भरलेली माहिती कंपनीच्या सूत्रात घालते व एक अंदाज सांगते. मात्र तो अंदाज ‘अंदाजे’ या शब्दाविना, एककापर्यंतच्या नेमकेपणाने येतो. चारशे अठरा! ज्या आकड्यातला शेकडाही भरवशाचा नाही, त्याचा एकं स्थानचा अंक पाहून माणूस विश्वास ठेवतो.

हा केवळ तर्क नव्हे. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात निरनिराळी मनगटी उपकरणे साठ स्वयंसेवकांच्या हाती बांधून त्यांना चालायला, पळायला, सायकल मारायला लावले आणि घड्याळांचे आकडे वैद्यकीय उपकरणांशी ताडून पाहिले. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा घड्याळांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. म्हणजे ते काम घड्याळे चोख करतात. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले घड्याळसुद्धा सरासरी सत्तावीस टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट घड्याळाची चूक त्र्याण्णव टक्के निघाली. याच अभ्यासातला एक तपशील आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चूक कोणाच्या बाबतीत जास्त झाली? पुरुषांच्या, स्थूल व्यक्तींच्या, सावळ्या कांतीच्या माणसांच्या, आणि पळण्यापेक्षा चालताना. विरारला सकाळी वजन घटवण्यासाठी चालणारा सावळा, सुखवस्तू गृहस्थ या चारही कसोट्यांना उतरतो. यंत्राची सर्वांत कमी खात्री जेथे द्यावी, नेमका तेथेच त्याचा ग्राहक उभा आहे. तेव्हापासून यंत्रे सुधारली हे खरे. पण ठोक्यांवरून उष्मांक ताडण्याची मूळ रीत तीच आहे.

त्यात हवामानाची भर. किनारपट्टीच्या दमट उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. डिसेंबरच्या पहाटे आणि मे महिन्याच्या सकाळी एकाच रस्त्यावर, एकाच गतीने चालले तरी मे महिन्यात ठोके जास्त पडतात. घड्याळ त्याला जास्त मेहनत समजते आणि जास्त उष्मांक जमा करते. स्नायूंनी काम तेवढेच केलेले असते, फक्त घाम अधिक आलेला असतो. उलट बाजूही आहे. वसईची भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन फलाटाचा जिना चढते, तेव्हा तिच्या हाती घड्याळ बांधले तरी त्या पाटीचे वजन त्याला कळणार नाही. आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी नेली तर हादऱ्यांचीही पावले मोजली जातात, हा अनुभव तर घरोघरचा आहे.

याहूनही मोठी चूक यंत्राची नाही. आकडा वाचणाऱ्याची आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटर गतीने पाऊण तास चालला, तर त्याच्या शरीरात एकूण सुमारे एकशे ऐंशी उष्मांक जळतात. पण हाच माणूस तेवढा वेळ खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसला असता, तरी श्वास घेणे, हृदय चालवणे, अंग ऊबदार ठेवणे यांसाठी पन्नासेक उष्मांक लागलेच असते. चालण्याची खरी कमाई एकशे तीसच्या आसपास. कित्येक घड्याळे एकूण आणि निव्वळ असे दोन आकडे दाखवतात. माणूस साहजिकच मोठा आकडा वाचतो. व्यापारात ढोबळ विक्रीलाच नफा समजून खर्च करणाऱ्याचे दुकान किती दिवस चालते, हे सांगायला नको. एकशे तीसच्या हिशेबाने एका वडापावासाठी दीड तासाहून अधिक चालावे लागेल.

जीवदानीचा हिशेबही मांडून पाहता येतो. त्याला घड्याळ लागत नाही, शाळेतले पदार्थविज्ञान पुरते. एक पायरी सुमारे पंधरा सेंटिमीटर उंच धरली, तर हजार पायऱ्या म्हणजे दीडशे मीटर. सत्तर किलोचा देह तेवढा उंच उचलायला पंचवीस उष्मांकांएवढे काम होते. शरीर हे काम चौथाई-पंचमांश कार्यक्षमतेने करते, म्हणजे प्रत्यक्षात शंभर ते सव्वाशे उष्मांक खर्ची पडतात. वरच्या काही शे पायऱ्या धरल्या, उतरणे धरले, तरी चारशे वीस हा आकडा दूरच राहतो. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे उष्मांक. रोज पाऊण तास चालून, जेवणात काहीही फरक न करता, ती उतरायला दोन महिने लागतील. आणि तेही रोजच्या चालण्याचे बक्षीस म्हणून कुणी काही खाल्ले नाही तर!

येथे मनाचा भाग येतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. उपवास केला या समाधानातूनच साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस यांना परवाना मिळतो. घड्याळाचा आकडा हा तसलाच परवाना आहे, फक्त तो रोज मिळतो. २०१६ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अठरा ते पस्तीस वयाच्या ४७१ स्थूल तरुण-तरुणींना मोजका आहार, व्यायाम आणि समुपदेशन देण्यात आले. सहा महिन्यांनी त्यांतल्या निम्म्यांना हालचाल मोजणारे, दंडावर बांधायचे उपकरण दिले. उरलेल्यांनी आपली नोंद आपणच ठेवायची होती. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरले होते, तर उपकरणाविना राहिलेल्यांचे ५.९ किलोंनी. असे का झाले, हे त्या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. पण स्वतःच्या हाताने वहीत लिहिणारा माणूस स्वतःला उत्तर देतो, आणि यंत्र लिहू लागले की ते उत्तरदायित्व हळूच यंत्राकडे सरकते, एवढे तर्काने म्हणता येते.

शरीराचीही आपली एक हुशारी असते. टांझानियातील हाड्झा हे लोक अजून शिकार करून आणि कंदमुळे खणून जगतात. त्यांचे पुरुष रोज दहा-अकरा किलोमीटर सहज चालतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दैनंदिन ऊर्जाव्यय अचूक पद्धतीने मोजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. देहाचा आकार लक्षात घेतला, तर हाड्झांचा दिवसाचा खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्यांहून वेगळा नव्हता. चालण्यात जास्त खर्च झाला की शरीर अन्यत्र हात आखडते, असा त्याचा अर्थ पाँट्झर लावतात. तेव्हा घड्याळाने दाखवलेले तीनशे हे दिवसाच्या जमाखर्चात तीनशेच राहतील, याचीही हमी नाही. याचा अर्थ व्यायाम व्यर्थ आहे असा मुळीच नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, मनाची प्रसन्नता, म्हातारपणी गुडघ्यांत उरणारे बळ, उतरलेले वजन पुन्हा न चढणे, हे सारे व्यायामाचेच देणे आहे. फक्त वजन उतरवण्याचे मुख्य काम स्वयंपाकघरात होते, आणि तेथे हे घड्याळ पोचत नाही.

आपल्याकडच्या परंपरेला ही समज होती. चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहांना निंद्य म्हटले आणि त्यांतही स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड मानली. मात्रेने खाण्यावर तर त्याने स्वतंत्र अध्यायच लिहिला. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले. ती अर्धी शक्ती ओळखण्याची आयुर्वेदाची खूण साधी आहे: कपाळावर, नाकावर, काखेत घाम आणि तोंडाला कोरड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, शाळांत ते रुजवले. तेथेही मोजदाद होती, पण ती नमस्कारांची. केलेले मोजायचे, मिळालेले नाही. चरकाच्या काळी जे ठाऊक नव्हते ते आज ठाऊक आहे, याबद्दल वाद नाही. पण माप कशाचे घ्यावे, याबाबतचा त्यांचा विवेक आजच्या उपकरणविक्रेत्यांपेक्षा सरस होता.

माप कशाचे घ्यावे, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच संशोधनाने दिलेले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देहाचे एक वैशिष्ट्य जगापुढे आणले. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी जास्त असते, आणि ती पोटाभोवती साठते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे छापली. दोघांचाही देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांनाही सारखेच निरोगी म्हणाला असता. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ऐंशी सेंटिमीटर ही धोक्याची रेषा तज्ज्ञांनी ठरवली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि पोटाची स्थूलता जवळजवळ चाळीस टक्के प्रौढांत आढळते. लोकलमध्ये उभ्या असलेल्या कोणत्याही डब्यावर नजर टाकली तरी हे पटावे. पूर्वी घरोघर कमरेला करगोटा असे. तो रुतू लागला की आजी म्हणे, ‘पोट सुटलं रे.’ त्या दोऱ्याला विद्युतघट लागत नसे आणि तो खोटेही बोलत नसे. आज त्या जागी शिंप्याची टेप पुरते. महिन्यातून एकदा, सकाळी, अनशापोटी, बेंबीच्या वर, श्वास सोडून.

घड्याळ मग फेकून द्यावे काय? तसे नाही. जे ते चांगले मोजते, ते त्याच्याकडून करून घ्यावे. विश्रांतीतले ठोके काही महिन्यांत मिनिटाला ऐंशीवरून बहात्तरवर आले, तर हृदय बळकट होत आहे हे ते खरेच सांगते. किती दिवस चाललो, किती दिवस चुकवले, हेही सांगते. पावलांचा आकडाही कामाचा आहे, पण दहा हजारांचा आग्रह नको. त्या संख्येचा उगम शास्त्रात नाही. १९६५ च्या सुमारास जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकताना त्याचे नावच ‘दहा हजार पावले’ या अर्थाचे ठेवले होते. २०१९ साली सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात दिसले, की दिवसाला चार हजार चारशे पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी होते आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढत नव्हता. रेल्वेस्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी जाणारा विरारकर यातला बराच पल्ला सहज गाठतो. घड्याळात भरलेले स्वतःचे वजन उतरल्यावर बदलायचे असते, हेही बहुतेकांच्या गावी नसते. ते न बदलल्यास यंत्र जुन्या, जड देहाचाच खर्च मोजत राहते.

एका गोष्टीकडे मात्र कुटुंबांनी गंभीरपणे पाहिले पाहिजे. आकड्याचे हे वेड वडिलांपुरते राहत नाही. बारावीतली मुलगी तेच घड्याळ बांधते आणि जेवणाच्या ताटाकडे संशयाने पाहू लागते. भात नको, तूप नको, आईने प्रेमाने वाढलेली पोळी परत. वडिलांच्या बाबतीत चुकीचा आकडा वडापावापर्यंत नेतो; वाढत्या वयाच्या मुलीच्या बाबतीत तोच आकडा उपासमारीकडे नेऊ शकतो, आणि ते घरातल्यांच्या लक्षात उशिरा येते, कारण सगळे तिच्या निग्रहाचे कौतुकच करत असतात. आपल्या देशात किशोरवयीन मुलींत रक्तक्षय आधीच सर्रास आहे. अशा घरात ताटावर उष्मांकांची चर्चा बंद ठेवणे आणि सर्वांनी एका वेळी, एकत्र बसून जेवणे, हा उपाय कोणत्याही उपकरणाहून सोपा आहे. रात्री दहाला परतणाऱ्या वडिलांना तो कठीण जाईल. रविवारी तरी तो जमावा.

आणि हा प्रश्न ज्या पालघर जिल्ह्यात उभा राहतो, त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा आहेत. १९९२ साली जव्हारजवळच्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. वसईहून काही तासांच्या अंतरावर, पावसाळ्यात दिवसभर ओणवे राहून भाताची आवणी करणारी वनवासी भगिनीही उष्मांक जाळते. तिला ते परत मिळवण्याची चिंता असते. एकाच जिल्ह्यात, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. शहरात घड्याळावर दहा-पंधरा हजार रुपये खर्चणाऱ्याने त्याबद्दल लाज बाळगावी असे नाही, पण माहीत तरी असावे.

राहता राहिला रस्त्याचा प्रश्न. वजन हा केवळ व्यक्तीच्या निग्रहाचा विषय असता, तर शहराला त्यात काही करण्यासारखे नव्हते. पण चालायचे कोठे? मॅरेथॉनच्या दिवशी वाहने अडवून रस्ता मोकळा केला जातो आणि काही तास विरारपासून वसईपर्यंत माणूस निर्धास्त पळू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याच्या कडेला दुकानांच्या पाट्या, उभ्या केलेल्या दुचाक्या, बांधकामाची खडी आणि उघडी गटारे चुकवत आजोबांना फिरायला जावे लागते, आणि नातवाला खेळायला मैदान शोधावे लागते. प्रत्येक प्रभागात मैल-दीड मैलाचा सलग, दिवे असलेला, पावसाळ्यात न तुंबणारा पदपथ असावा, ही मागणी नगरसेवकांकडे मते मागायला आल्यावर करता येईल. शाळांची कुलूपबंद मैदाने सकाळी सहा ते आठ खुली करावीत, ही तर त्यांना पैसाही न लागणारी गोष्ट आहे; त्यासाठी त्या-त्या संस्थेच्या विश्वस्तांकडे चार प्रतिष्ठित नागरिकांनी जाऊन बसावे लागेल.